एक नाकपुडी, तीन शस्त्रक्रिया

हे प्रकरण एकाच बाईचं नाही. सारख्याच वळणाच्या काही रुग्णांचे कागद एकत्र करून, ओळख पटेल असे तपशील बदलून ते लिहिलं आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि मराठवाड्यातच काम करते. सर्जन जो तुकडा काढतात तो फॉर्मालीनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतून माझ्याकडे येतो. एकाच आजारासाठी वेगवेगळ्या सर्जननी काढलेले तुकडे माझ्या टेबलावर शेजारीशेजारी पडलेले असतात. एका सर्जनला दुसऱ्याचं काम सहसा दिसत नाही. मला ते रोज दिसतं, आणि त्यातला फरक पाहून कधी कधी वाटतं की आजाराचं नाव तेवढं एक आहे, ऑपरेशन मात्र प्रत्येकाचं निराळं.

बाईंचं वय ५८. गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं, बीड जिल्ह्यातल्या धारूरपासून लांब नाही. लग्न झाल्यापासून ऊसतोडीला नवरा-बायकोचा एक कोयता; दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्यावर जायचं आणि हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाळ्यात परत यायचं. उजव्या नाकपुडीवर एक काळपट मस होता. त्याची कड चकचकीत होती. खपली धरायची, तोंड धुताना निघायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा खपली. कुणीतरी चुना-सोडा लावायला सांगितला. त्यानं वरचा भाग जळाला आणि काही महिने सगळं सपाट दिसलं.

हा होता बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेच्या कॅन्सरमधला जगभर सर्वांत जास्त आढळणारा आणि त्यातल्या त्यात सौम्य स्वभावाचा. तो शरीरात दूरवर पसरल्याची उदाहरणं फार थोडी. पण जिथे आहे तिथे तो मुळ्या धरत जातो आणि सोडून दिला तर नाक, पापणी, कान खाऊन टाकतो. गोऱ्या कातडीवर तो गुलाबी, मोत्यासारखा दिसतो आणि पुस्तकांतली चित्रं बहुधा तशीच असतात. आपल्याकडे त्यात रंगद्रव्य भरपूर असतं, म्हणून तो काळा दिसतो आणि तीळ, मस, चामखीळ म्हणून सुटतो. त्यातून भारतात त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाणच कमी. तालुक्याच्या डॉक्टरला पायाचं गँगरीन, हर्निया, साप चावलेला माणूस हे रोजचं. नाकावरचा कॅन्सर क्वचित कधी. आपल्याकडच्या त्वचेच्या कॅन्सरच्या जागाही वेगळ्या: भाजल्याच्या जुन्या व्रणात उठणारा, तळपायावरचा काळा मेलॅनोमा, आणि कमरेला धोतर किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षं काचते तिथला. या धोतराच्या कॅन्सरवर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच लिहून ठेवलं आहे. तरीही बाहेरून आलेल्या पुस्तकांवर आपली नजर तयार होते. असो.

पहिली शस्त्रक्रिया

तिच्याबद्दल मला फारसं सांगता येत नाही, कारण तुकडा आलाच नाही. तालुक्याच्या ठिकाणी एका जनरल सर्जननी जागा बधिर करून मस वरच्या वर तासला, खालचा भाग कॉटरीच्या तापल्या टोकानं जाळला आणि काढलेलं टाकून दिलं. कागदावर शब्द आहेत ‘मस काढला’. बाई त्याच दिवशी घरी गेल्या.

या डॉक्टरांना झोडपणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर समोर एक घाईतली बाई, काळा मस, आणि तपासणीला पाठवायचं तर बाटली एसटीनं किंवा लॅबच्या माणसाबरोबर जिल्ह्याला जाणार, पैसे वेगळे पडणार, रिपोर्ट यायला आठवडा लागणार. बहुतेक मस खरोखरच साधे असतात, त्यामुळे न पाठवण्याची सवय वर्षानुवर्षं चुकत नाही. चुकते तेव्हाही त्यांना ते कळत नाही, कारण परत आलेला रुग्ण त्यांच्याकडे येतच नाही. तो ‘मोठ्या डॉक्टर’कडे जातो.

दुसरी शस्त्रक्रिया

दीडेक वर्षानं त्याच जागी गाठ आली, या वेळी मधोमध खड्डा पडलेली. बाई जिल्ह्याच्या गावी गेल्या. इथले सर्जन हाताचे कुशल. केशरी रेशनकार्ड होतं, रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसानं, आरोग्यमित्रानं, कागद भरले, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी आली. लोक अजूनही तिला ‘जीवनदायी’च म्हणतात. सर्जननी गाठ कापली, आणि त्याच बैठकीत गालाच्या घडीतली कातडी फिरवून नाकपुडीवर बसवली; याला ‘फ्लॅप’ म्हणतात. टाके निघाले तेव्हा नाक इतकं छान दिसत होतं की शेजारणींनी कौतुक केलं म्हणे.

तुकडा माझ्याकडे आला. छोट्या बाटलीत कोंबलेला, फॉर्मालीन अपुरं, आणि दिशा कळावी म्हणून लावायचा दोरा कुठल्याही कडेला नाही. फॉर्मवर ‘नाकावरची गाठ’ एवढंच. उजवी की डावी, पहिल्यांदा की परतलेली, काही नाही.

इथे थोडं थांबून कडेचा हिशेब सांगितला पाहिजे, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. गाठीच्या भोवती जी निरोगी दिसणारी कातडी सर्जन सोबत काढतात तिला सगळे ‘मार्जिन’ म्हणतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, कड स्पष्ट असलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या बेसल सेलला ४ मिलिमीटर मार्जिन घेतलं तर सुमारे ९५ टक्के गाठी पूर्ण निघतात, हे १९८७ पासून माहीत आहे. पण हा आकडा सोप्या गाठींचा आहे. नाक, पापण्या, ओठ, कान ही जागाच धोक्याची धरली जाते, गाठ कितीही लहान असो. त्यात ती परतलेली असेल तर व्रणाच्या आत तिच्या मुळ्या कुठवर गेल्या आहेत हे डोळ्याला कळत नाही. शिवाय कातडी कापल्याबरोबर आखडते. सर्जननी पट्टीनं मोजून चार मिलिमीटर घेतले तरी माझ्या स्लाइडवर ते कमी भरतात, आणि ‘मी पुरेसं घेतलं होतं’ विरुद्ध ‘रिपोर्टमध्ये कमी आहे’ हा वाद त्यातूनच उठतो. सर्जननी रेघ भूल देण्याआधी आखली की सुईनं कातडी फुगल्यावर, यानंही फरक पडतो.

आता माझ्या बाजूची गोष्ट. नेहमीच्या पद्धतीत आम्ही तुकड्याचे उभे काप करतो, पावाच्या स्लाइस कराव्यात तसे. प्रत्येक कापातून एक पातळ पापुद्रा स्लाइडवर जातो. दोन पापुद्र्यांच्या मधली कड कुणीच पाहत नाही. असं करून प्रत्यक्षात एकूण कडेचा एक टक्काही तपासला जात नाही. म्हणजे ‘मार्जिन मोकळी’ या माझ्या दोन शब्दांचा अर्थ ‘मी जिथे पाहिलं तिथे मोकळी’ एवढाच असतो. हे प्रत्येक रिपोर्टखाली लिहावं असं मला वाटतं. लिहीत कुणीच नाही.

या तुकड्यात मात्र शंकाच नव्हती. बारीक दोऱ्यांसारख्या पसरत जाणारा, म्हणजे जास्त चिवट प्रकार, आणि एका कडेला कॅन्सर थेट आम्ही कडेवर लावलेल्या शाईपर्यंत पोचलेला. पण ही कड वरची की खालची, डोळ्याकडची की ओठाकडची? दोरा नव्हता. मी लिहिलं, ‘एक बाजूची कड बाधित, दिशा सांगता येत नाही.’ सर्जनना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “आता दिशा कळूनही काय करू मॅडम? फ्लॅप फिरवलाय. खालची जमीनच हलली.”

बरोबर होतं त्यांचं. कातडी फिरवून बसवली की जुनी कड मूळ जागी राहत नाही. उरलेला कॅन्सर नव्या कातडीखाली झाकला जातो आणि वर येईपर्यंत दिसत नाही. म्हणूनच धोक्याच्या गाठीत मार्जिन मोकळी असल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत फ्लॅप फिरवू नये, तोवर जखम उघडी ठेवावी, सरळ शिवावी किंवा दुसरीकडची कातडी काढून लावावी (ग्राफ्ट), असं मार्गदर्शक सूचना सांगतात. सर्जननाही ते ठाऊक होतं. मग का केलं? योजनेचं पॅकेज एका शस्त्रक्रियेला ठरलेल्या रकमेचं. जखम उघडी ठेवून पाच दिवसांनी पुन्हा टेबलावर घ्यायचं, तर त्या दुसऱ्या बैठकीची मंजुरी, खाट, भूल हे सगळं कुणाच्या माथी? आणि नाकाला भोक ठेवून बाईला घरी पाठवलं तर गाव काय म्हणेल, याचीही धास्ती.

रिपोर्ट आला तोवर दसरा झाला होता. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली होती आणि टोळी निघून गेली होती. रुग्णालयातून फोन गेला तर तो मुलानं घेतला. तो म्हणाला, आई कर्नाटकात हाय, पट्टा पडल्यावर येईल.

तिसरी शस्त्रक्रिया

उन्हाळ्यात बाई आल्या तेव्हा फ्लॅपच्या वरच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेनं, कडक वळ लागत होता. या वेळी त्यांना मोठ्या शहरातल्या कॅन्सर विभागात पाठवलं गेलं. रेडिएशनचा विचार झाला. शस्त्रक्रिया झेपत नसेल तर तो चांगला मार्ग आहे, पण इथे बाई धडधाकट होत्या आणि रोज रेडिएशनसाठी आठवडेच्या आठवडे शहरात राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

अशा परतलेल्या गाठीला जगात ज्या पद्धतीचा सर्वांत जास्त भरवसा धरतात ती मोह्स शस्त्रक्रिया. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात ती सुरू केली. तीत एक पातळ थर बशीसारखा काढायचा, त्याची सगळी कड आणि तळ सपाट करून तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि जिथे कॅन्सर उरला असेल तेवढ्याच जागेचा पुढचा थर घ्यायचा. पूर्ण मोकळं झालं की मगच जखम बंद करायची. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बेसल सेलवर झालेल्या चाचणीत दहा वर्षांनी पाहिलं, तर पहिल्यांदाच आलेल्या गाठी साध्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के आणि मोह्सनंतर ४.४ टक्के परतल्या होत्या. आधीच एकदा परतलेल्या गाठींमध्ये हे आकडे १३.५ आणि ३.९ होते.

भारतात मोह्स करणारी केंद्रं मोजकी आणि बहुतेक महानगरांतली. बाईंना तिकडे पाठवायचं म्हणजे त्या गेल्याच नसत्या. म्हणून तिसऱ्या सर्जननी आणि मी मिळून मधला मार्ग काढला. तत्त्व मोह्सचं ठेवायचं, पण गोठवण्याऐवजी नेहमीसारखं पॅराफिनच्या मेणात बसवून तपासायचं, जखम ओल्या ड्रेसिंगखाली उघडी ठेवायची आणि रिपोर्टला लागतील तेवढे दिवस थांबायचं. इंग्रजीत गमतीनं याला ‘स्लो मोह्स’ म्हणतात. वेळ लागतो, पण क्रायोस्टॅट, म्हणजे तुकडा गोठवून कापणारं यंत्र, नसलेल्या ठिकाणीही हे करता येतं.

बाईंना ते अजिबात पटलं नाही. “साहेब, काय ते एकदाच कापा की. परत परत कामून बोलवायलात?”

सर्जन म्हणाले, “मावशी, एकदाच कापलं म्हणून तर ते दोनदा परत आलं. या खेपेला मुळी कुठंपर्यंत गेली ते बघूनच शिवतो. दसऱ्याच्या आत मोकळं करतो, शब्द देतो.”

“मग लिहून द्या. मुकादमाला दावायला.” त्यांनी खरंच लेटरहेडवर लिहून दिलं.

जुना फ्लॅप, व्रण आणि वळ मिळून पहिला तुकडा आला. या वेळी, तुकडा घड्याळाची तबकडी धरून, बारा वाजण्याच्या जागी आखूड दोरा, डोळ्याकडच्या बाजूला लांब दोरा आणि सोबत हातानं काढलेलं नाकाचं चित्र. मी कड वेगळी सोलून, चार रंगांच्या शाया लावून, सपाट मांडून घेतली. नऊ ते बाराच्या मधे कॅन्सर होता, बाकी सगळं मोकळं. म्हणजे दुसऱ्या वेळी मला न कळलेली दिशा हीच. तिसऱ्या दिवशी सर्जननी फक्त तेवढा चतकोर भाग पुन्हा काढला. तो मोकळा निघाला. मग कपाळावरची कातडी देठासकट खाली वळवून नाकपुडी घडवली आणि तीनेक आठवड्यांनी देठ कापला. नाक दुसऱ्या वेळेइतकं सुबक नाही. बाईंना त्याचं फार काही वाटलं नाही, मुलाला वाटलं.

तीन डॉक्टर, एक आजार

पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, तिसरे हुशार, दुसरे मध्यम, पहिले अडाणी. मला ते पटत नाही. टाके कुणाचे सुंदर होते असं विचाराल तर मी दुसऱ्यांचं नाव घेईन. फरक हाताचा नव्हता. तुकडा पाठवला का, दोरा लावला का, शिवण्याआधी थांबले का, या तीन साध्या गोष्टींचा होता, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरभोवतीची व्यवस्था त्यांना एका बाजूला ढकलत होती.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नये. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोह्स करणारे २,३०५ डॉक्टर, आणि प्रत्येकाच्या एका रुग्णामागे सरासरी किती थर काढले जातात याची मोजदाद. सगळ्यांची सरासरी १.७४ निघाली. पण एका टोकाला १.०९ होतं आणि दुसऱ्या टोकाला ४.११. हे सगळे प्रशिक्षित, एकच पद्धत वापरणारे. तिथे पहिल्या थरानंतरच्या प्रत्येक थराचे वेगळे पैसे मिळतात, आणि मोह्समध्ये कापणारा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणारा डॉक्टर एकच असतो. थर खरोखर लागला का, हे विचारायला दुसरं कुणी नसतं. एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्यांमध्ये हे फार वरचे आकडे जास्त आढळले.

आपल्याकडचा वारा नेमका उलटा. पैसे एका शस्त्रक्रियेचे, म्हणून ओढा एकाच बैठकीत संपवण्याकडे. तिकडे कापण्याची एक फेरी जास्त होते, इकडे एक कमी. दोन्हीकडे रुग्णाला वाटतं की हे सगळं गाठीवरून ठरलं.

अमेरिकेतल्या मोह्स सर्जनांच्या संघटनेनं याबाबत जे केलं ते मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी सदस्य डॉक्टरांना पत्रं पाठवली. पत्रात फक्त त्या डॉक्टरचा आकडा आणि इतरांच्या तुलनेत तो कुठे बसतो हे होतं. दंड नाही, चौकशी नाही, नाव जाहीर करणं नाही. फार वरच्या आकड्यांच्या डॉक्टरांपैकी ज्यांना पत्र गेलं त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांचे थर कमी झाले. पत्र न गेलेल्यांतही ६९ टक्क्यांचे कमी झालेच होते, म्हणून सगळं श्रेय पत्राला देता येत नाही. पण एका कागदासाठी हा फरक लहान नाही.

बीड जिल्ह्याला तर शस्त्रक्रियांची मोजदाद नवीन नाही. ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जातात ही ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. मोजायला बसल्यावरच ते सगळ्यांना दिसलं. त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांची संख्या त्यापुढे अगदीच थोडी, म्हणून यासाठी समिती कुणी नेमणार नाही. गरजही नाही. सगळे तुकडे शेवटी पॅथॉलॉजीच्या टेबलावरच येतात.

आम्ही काय बदललं

या प्रकरणानंतर आमच्या लॅबनं त्वचेच्या तुकड्यांचा फॉर्म बदलला. वर चेहऱ्याचं एक रेखाचित्र, त्यावर सर्जननी फुली मारायची. खाली तीन ओळी: गाठ पहिलीच की परतलेली, मार्जिन किती मिलिमीटर आखलं, दोरा कुठे. दोरा नसेल तर लॅबमधला मुलगा बाटली ठेवून घेतो आणि सर्जनना फोन लावतो. पहिल्या महिन्यात यावरून बरीच चिडचिड झाली. रिपोर्टमध्येही आता ‘मोकळी’ एवढंच न लिहिता सर्वांत जवळची कड किती मिलिमीटरवर आणि घड्याळाच्या कोणत्या काट्यावर, हे लिहितो. तालुक्याच्या डॉक्टरांना फॉर्मालीन भरलेल्या बाटल्या आधीच देऊन ठेवल्या आहेत, कारण न पाठवण्याचं अर्धं कारण हाताशी बाटली नसणं हेच होतं.

आणि एक तक्ता सुरू केला. प्रत्येक सर्जनला त्याची स्वतःची ओळ कळते, इतरांच्या फक्त ओळी दिसतात, नावं नाहीत. किती तुकड्यांना दिशा होती, किती मार्जिन बाधित आल्या, बाधित आल्यावर किती रुग्णांना पुन्हा बोलावलं.

तक्ता पहिल्यांदा बैठकीत मांडला तेव्हा दुसरी शस्त्रक्रिया करणारे सर्जनही होते. ते म्हणाले, “या तक्त्यात चांगलं दिसायचं तर मी उद्यापासून सगळ्यांनाच एक सेंटिमीटर मार्जिन घेतो. बाधित एकही येणार नाही. नाकं किती गेली ते तुमच्या कुठल्या रकान्यात दिसणार, मॅडम?”

प्रश्न चोख होता. अमेरिकेतल्या त्या यादीतही १.०९ वाला डॉक्टर वरवर पाहता सर्वांत काटकसरी दिसतो. पण त्याचे दहापैकी नऊहून जास्त रुग्ण पहिल्याच थरात संपतात, याचा अर्थ एकतर त्याच्याकडे सोप्या गाठीच येतात किंवा तो पहिला थरच ऐसपैस घेतो. फक्त थर मोजून हे कळत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात आता आणखी दोन रकाने आहेत: काढण्याआधी गाठ किती मिलिमीटर होती आणि शेवटी जखम किती झाली. दोन्ही मापं सर्जननीच पट्टीनं घेऊन फॉर्मवर लिहायची आहेत. पहिले रकाने माझ्या स्लाइडवरून भरतात, हे दोन मात्र ऑपरेशन थिएटरमधूनच यावे लागतात, आणि सध्या सर्वांत जास्त रिकामे तेच येतात.